हाताची घडी, तोंडावर बोट किती वेळ टिकतं?

नवा शिक्षक रुजू झाला की पहिल्या आठवड्यात त्याच्या तोंडून हे वाक्य निघतंच. लहानपणी आपण ते इतक्यांदा ऐकलेलं असतं की डी.एड.ला काहीही शिकवलेलं असो, वर्ग हाताबाहेर गेला की आठवतं ते हेच. मुलंही शहाणी. बोट ठेवतात आणि बोटाच्या आडून बोलतात.

मी २००२ साली शिक्षणसेवक, म्हणजे सुरुवातीची तीन वर्षं मानधनावर काम करणारी शिक्षिका, म्हणून लागले. सह्याद्रीच्या पायथ्याची द्विशिक्षकी शाळा, चार इयत्ता, ४१ मुलं, वर पत्रा. तिसऱ्याच दिवसापासून मुख्याध्यापक गुरुजींच्या तालुक्याला खेपा सुरू झाल्या आणि चारही वर्ग माझ्या गळ्यात पडले. गुरुवारपर्यंत तो गळा बसला. शुक्रवारी चौथीतली एक मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि अगदी मायेनं म्हणाली, "बाई, तुम्ही ओरडता ना, तवा आमाला एकमेकांचं ऐकूच येत नाय. मग आमाला पण मोठ्यानं बोलायला लागतं."

त्यानंतर मी बरीच प्रशिक्षणं केली. इतकं नेमकं कुणी सांगितलं नाही.

शिक्षकभरतीच्या सरकारी 'पवित्र' पोर्टलवरून निवड होऊन यंदा ज्यांच्या हाती पहिल्यांदा हजेरीपत्रक येणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. खालच्या गोष्टी शक्यतो याच क्रमानं करा. पहिल्या दोन गाळून थेट टाळ्यांच्या युक्तीवर उडी मारलीत, तर ती युक्ती आठवडाभर चालेल आणि मग मुलं तुमच्याच टाळ्यांची नक्कल करतील.

१. आधी नुसतं ऐका

वर्गात शिरायच्या आधी दाराबाहेर दोन मिनिटं उभे राहा. आत गलका असेलच. तो कशाचा आहे ते ओळखायला शिका.

मुलं गटात काहीतरी करत असतात, "तू नाही, आता माझी पाळी", "अरे हातचा राहिला तुझा", असे शब्द कानावर येतात. हा कामाचा आवाज. याला हात लावू नका. मुख्याध्यापक व्हरांड्यातून जाताना भुवया उंचावतील, उंचावू द्या. दुसरा आवाज रिकामपणाचा: पट्ट्या आपटणं, पेन्सिलीनं बेंच वाजवणं, कुणाच्या तरी दप्तराची ओढाओढ. यात शब्द कमी आणि ठोकाठोक जास्त. तिसरा आवाज अचानक चढतो आणि एकाच कोपऱ्यातून येतो. ते भांडण असतं, आणि तिथे मात्र लगेच पोचायचं.

नव्या शिक्षकाची चूक अशी होते की तो तिन्हींवर एकच औषध देतो: "ए, गप्प बसा रे!" कामाचा आवाज बंद पडतो, रिकामपणाचा दोन मिनिटांनी परत येतो आणि भांडण मधल्या सुट्टीवर ढकललं जातं.

२. वर्ग भरण्याआधी

नावं पाठ करा. हे एवढं एक काम नीट झालं तरी अर्धा गड सर. "ए निळ्या शर्टवाल्या" म्हणून हाक मारली की सगळेच निळ्या गणवेशातले असतात. हजेरीपत्रक आधी मागून घ्या, आधीच्या वर्गशिक्षकांबरोबर चहा घ्या आणि कोण कुणाचा भाऊ, कुणाच्या घरी सध्या काय चाललंय, कोण कुणाशेजारी बसला की दोघंही कामातून जातात, एवढं विचारून ठेवा. फक्त "हा वाया गेलेला आहे" असं कुणाबद्दल सांगितलं तर ऐका आणि विसरून जा.

खोली बघून घ्या. पाण्याची टाकी कुठे, रस्त्याकडची खिडकी कुठली, दुपारी फळ्यावर ऊन कुठून येतं. फळा चकाकला की उजव्या बाजूच्या मुलांना दिसत नाही, दिसलं नाही की शेजाऱ्याला विचारावं लागतं, आणि त्याला आपण बडबड म्हणतो. वर्गातल्या प्रत्येक मुलापर्यंत तुम्हाला चालत जाता येईल अशा वाटा ठेवा. खाली पट्ट्या टाकून बसणारा वर्ग असेल तर हे सोपं. बेंच असतील तर एक रांग कमी झाली तरी चालेल, वाट हवी.

शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला ३५ मागे एक, असं प्रमाण दिलेलं आहे. तुमच्या वाट्याला ५५ आली असतील तर पुढचं सगळं जास्त चिकाटीनं करावं लागेल, पण करायचं तेच.

३. पहिल्या आठवड्यात धडा मागे पडला तरी चालेल

पहिल्या सोमवारी पुस्तक उघडायची घाई करू नका. त्या आठवड्यात सवयी शिकवायच्या, आणि सवयी सांगून लागत नाहीत, सराव लागतो. चपला रांगेत लावून आत येणं, दप्तर पाठीमागे ठेवणं, वही काढणं, गट करणं, गट मोडणं. गट करायचा सराव तर चक्क घड्याळ लावून घ्या. माझ्या सहावीच्या वर्गाला पहिल्या दिवशी चारचारचे गट करायला सहा मिनिटं लागली होती. शुक्रवारपर्यंत ती एक मिनिटावर आली, आणि मुलांना तो कबड्डीसारखा खेळच वाटायला लागला.

नियम तीनच ठेवा आणि मुलांकडूनच काढून घ्या. दहा नियमांचा तक्ता भिंतीवर छान दिसतो, पण तो फक्त तपासणीला आलेले साहेब वाचतात. माझ्या वर्गात वर्षानुवर्षं हेच तीन टिकले आहेत: एक जण बोलत असताना बाकीचे ऐकतात, कुणाच्या अंगाला, वस्तूला न विचारता हात लावायचा नाही, काम संपलं तर दुसऱ्याचं बिघडवायचं नाही. तिसरा नियम एका मुलीनं सुचवला होता. तो मला सुचला नसता.

४. खूण एक, आणि तीच

वर्ग शांत करायची एकच खूण ठरवा आणि वर्षभर बदलू नका. मी हात वर करते आणि फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात उभी राहते. ज्याला दिसलं तो हात वर करतो आणि थांबतो, ते बघून शेजारचा. काही जण टाळ्यांचा ठेका धरतात: दोन सावकाश, तीन झटपट, मुलं तोच परत वाजवतात. तोही चांगला. पण दोन वर्गांमध्ये नुसतं लाकडी पार्टिशन असेल तर जपून. माझ्या टाळ्यांना पलीकडची पाचवी इमानेइतबारे उत्तर द्यायची आणि तिथल्या सरांचा पाढा मोडायचा.

खुणेचं खरं काम नंतर सुरू होतं. हात वर केला की बोलायचं नाही. चार मुलं अजून बोलत असतील तरी थांबायचं. पहिल्या दिवशी ही शांतता यायला दोन मिनिटं लागतील आणि ती दोन मिनिटं तासासारखी वाटतील. अर्ध्यावर कंटाळून "बरं, ऐका" म्हणालात की मुलांना कळतं, बाई शेवटपर्यंत थांबत नाहीत. मग कायमचं तसंच. आणि शांतता आली की नेहमीपेक्षा हळू आवाजात सुरुवात करा. कान टवकारावे लागले पाहिजेत.

गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न' या गोष्टीवजा पुस्तकातला शिक्षक मोठ्या उमेदीनं पहिल्याच दिवशी चौथीच्या वर्गात शांततेचा खेळ घ्यायला जातो. मुलं तो खेळ पार उधळून लावतात, आणि त्या दिवशी त्याला वर्ग सोडून द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला घेतो आणि तिथून पुढे वर्ग त्याचा होतो. हे पुस्तक जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचं आहे, पण तो पहिला दिवस वाचताना आपलीच आठवण येते. पहिल्या दिवशी मुलांना तुमचं काही देणं नसतं. आधी काहीतरी द्यावं लागतं. गोष्ट ही सगळ्यात स्वस्त आणि खात्रीची. अर्ध्यावर थांबवता येईल अशी एक लांब गोष्ट तयार ठेवा आणि रोज शेवटची पाच मिनिटं ती पुढे न्या.

५. रिकामी मिनिटं बुजवा

या एका मुद्द्यासाठी मी हा सगळा लेख लिहिते आहे असं समजा. वर्गातला बराचसा गोंगाट मुलांच्या वात्रटपणातून येत नाही, आपल्या तयारीतल्या फटींमधून येतो. एक दिवस घड्याळ बघून नोंद ठेवा, आवाज कधी चढतो. मी ठेवली होती. लाज वाटली.

सगळ्यात मोठी फट म्हणजे वह्या तपासायची रांग. बाई खुर्चीत, टेबलाभोवती पंधरा मुलं, "बाई माझी आधी", पाठीवर दप्तरं, मागच्या बाजूला कुस्ती. जिच्या वहीवर लाल पेन फिरतंय ती सोडून कुणालाच काम नाही. ही रांग आजपासून बंद करा. खुर्ची भिंतीला लावा, लाल पेन हातात घ्या आणि मुलं लिहीत असताना तुम्ही फिरा. बाजूला उकिडवं बसून दोन ओळी तपासल्या तरी चालतात, आणि चूक होत असतानाच दिसते. सगळ्या वह्या रोज तपासायचा हट्ट सोडा, आज दोन रांगा, उद्या दोन.

दुसरी फट फळ्याची. तुम्ही वर्गाकडे पाठ करून दहा ओळी लिहीत असता तेव्हा मागे काय चाललेलं असतं ते कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा. लांब मजकूर परिपाठाच्या आधी लिहून ठेवा किंवा एखाद्या मुलाला लिहायला द्या. एरवी कडेनं, अर्धं तोंड वर्गाकडे ठेवून लिहायची सवय लावून घ्या. महिनाभर अक्षर वाकडं येईल.

मग साहित्यवाटप. पुस्तकं, कार्डं, रंग, जे काय वाटायचं ते एकट्यानं वाटू नका. प्रत्येक रांगेचा एक जण आणि दर आठवड्याला दुसरा. सूचना साहित्य हातात पडण्याआधी द्या. मण्यांची पिशवी हातात आल्यावर तुमचं बोलणं ऐकणारं मूल मी अजून बघितलेलं नाही.

आणि ज्यांचं लवकर आटोपतं त्यांचं काय? वर्गातली हुशार मुलं सगळ्यात आधी रिकामी होतात आणि त्यांच्याकडे खोड्याही चांगल्या प्रतीच्या असतात. त्यांच्यासाठी कोपऱ्यात दोरीवर टांगलेली पुस्तकं, जुन्या अंकांमधून कापलेली शब्दकोडी, "आजच्या धड्यावर तीन प्रश्न काढ" असं कायमचं एक काम ठेवा. "झालं का? मग गप्प बस" हे काम नव्हे.

६. "कळलं का?" हा प्रश्न विसरा

त्याचं उत्तर एकच: "हो बाईऽऽ!" छप्पर उडेल इतक्या जोरात, आणि न कळलेल्यांचा आवाज सगळ्यात मोठा.

आधी प्रश्न विचारा, मग थांबा, मग नाव घ्या. उलट क्रमानं केलंत, "सुनील, सांग बरं...", की बाकीचे सगळे सुटले. थांबायचं किती? मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांमधली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात असं त्यांना आढळलं. तेच तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांब आणि विचार केलेली यायला लागली. मनात एक, दोन, तीन मोजा. मोजल्याशिवाय आपण थांबत नाही, हा अनुभव.

पाट्या असतील तर सोनं. उत्तर पाटीवर लिहायचं आणि एकदम वर धरायचं. ओरडायला वाव नाही आणि कुणाचं कुठे अडलंय ते एका नजरेत कळतं. पाट्या नसतील तर जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू.

७. तो एक जण

प्रत्येक वर्गात असतो. कधीकधी ती असते. तिथे नवा शिक्षक दिवसाची अर्धी ताकद घालवतो.

सगळ्यांसमोर बोलू नका. सगळ्यांसमोर बोललात की त्याला प्रेक्षक मिळतात आणि तुम्ही त्या नाटकातलं एक पात्र होता. शिकवता शिकवता त्याच्याजवळ जाऊन उभे राहा, वहीवर बोट ठेवा, पुढे चला. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. भागलं नाही तर मधल्या सुट्टीत, दोघंच, दोन मिनिटं.

सारखा मोठ्यानं बोलणारा किंवा शेजाऱ्याच्याच वहीत बघणारा मुलगा असेल तर त्याचे कान-डोळे तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, त्यांना त्याचं नाव आवर्जून सांगा. माझ्या एका 'उद्धट' मुलाला डाव्या कानानं ऐकूच येत नव्हतं. मी त्याला तीन महिने बोल लावले होते. जागा बदलली आणि प्रश्न संपला. ते तीन महिने माझ्या खात्यावर आहेत.

त्याच्या घरी पहिला निरोप चांगला जाऊ द्या. "आज त्यानं झाडांना पाणी घातलं," एवढासुद्धा. शाळेतून फोन म्हणजे तक्रारच, अशी ज्या घराची समजूत असते तिथे या एका फोननं बरंच हलतं.

मारायचं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. दुसरा शब्द नीट वाचा: "तुझ्या बापाला तरी अक्षर येतं का" हेही त्यातच बसतं. पालक स्वतः येऊन सांगतील, "बाई, हाणा खुशाल, आमची काय तक्रार नाय." हसून चहा विचारा आणि विषय बदला.

मॉनिटरला फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायला सांगायची पद्धत अजून चालू आहे. माझं मत विचाराल तर ती बंद करावी. आठवड्याभरात त्याची पंचायत समिती होते. मित्रांची नावं पुसली जातात, भांडणाऱ्यांची दोनदा लिहिली जातात, आणि आमच्याकडे तर एका नावाचा भाव दोन चिंचा असा ठरला होता.

८. काही दिवस आपले नसतात

पत्र्याच्या शाळेत आषाढातला पाऊस सुरू झाला की तुमचा आवाज तुम्हालाच ऐकू येत नाही. त्याच्याशी भांडू नका. पाऊस आला की चित्र, अक्षरलेखन, मूकवाचन किंवा नुसत्या हातवाऱ्यांनी चालणारा शब्दांचा खेळ. या कामांची एक पिशवी जूनमध्येच भरून ठेवा.

खिचडीनंतरचा तास गणिताला देऊ नका, वेळापत्रक तुमच्या हातात असेल तर. शनिवारची सकाळ मैदानावर घालवा. दिवाळीच्या सुट्टीआधीचा दिवस किल्ल्याच्या गप्पांचा. आणि एकाच खोलीत दोन इयत्ता असतील तर एकीला तोंडी काम देताना दुसरीला लेखी द्या. दोघींना एकदम तोंडी दिलंत तर मी पहिल्या वर्षी जे भोगलं ते तुम्हीही भोगाल.

९. तुमचा गळा आणि तुमची संध्याकाळ

गळा हे आपलं हत्यार. पाण्याची बाटली टेबलावर ठेवा आणि दर तासाला दोन घोट घ्या, तहान लागायची वाट बघू नका. आवाज बसला तर कुजबुजत शिकवू नका, त्यानं ताण कमी होत नाही. एक दिवस फळ्यावर आणि खुणांनी चालवा. मुलांना ती गंमत वाटते. आवाज सारखाच बसायला लागला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. पायात चांगली चप्पल घाला. सहा तास उभं राहायचं असतं, हे मला टाच दुखायला लागल्यावर कळलं.

प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिना १६,००० मिळतात आणि तीन वर्षं त्यातच काढायची असतात. मला तीन हजार मिळायचे. ही तुलना तुम्हाला वरिष्ठ रोज ऐकवतील, त्यावर वाद घालू नका. पण खोली शाळेजवळ घ्या. भाडं थोडं जास्त गेलं तरी रोजचे दीड-दोन तास प्रवासात घालवून वर्गात आलेला शिक्षक पहिल्या तासालाच चिडलेला असतो.

माहिती मागवणारे निरोप संध्याकाळी सातनंतर सुरू होतात. "आजच, तात्काळ, सोबतच्या नमुन्यात." यातली काही माहिती खरंच तातडीची असते. बाकीची सकाळी साडेदहाला दिली तरी जिल्हा जागेवरच राहतो, हे ओळखायला मला दहा वर्षं लागली. कायद्यात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरलेत ते तयारीच्या वेळासकट. म्हणून उद्याचं टाचण शाळेतच, मुलं गेल्यावरच्या अर्ध्या तासात उरका आणि पिशवी रिकामी घेऊन घरी जा.

शाळेत एक तरी माणूस असा शोधा ज्याला "आज माझा वर्ग पार बोंबलला" असं सांगता येईल आणि जो लगेच सल्ला देणार नाही. स्टाफरूममध्ये नसेल तर केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, शिक्षण परिषदेत सापडेल. तिथं जेवणाच्या सुट्टीत ज्या गप्पा होतात त्या भाषणांपेक्षा उपयोगी असतात.

आणि एक छोटी वही घ्या. नोंदींची नव्हे, त्या तुम्हाला भरपूर भराव्या लागणारच आहेत. या वहीत मुलं जे बोलतात ते लिहायचं, त्याच दिवशी, त्यांच्याच शब्दांत. माझ्या आता नऊ वह्या झाल्या. काही दिवस असे येतात की घरी येऊन दार लावून बसावंसं वाटतं. तेव्हा मी त्यातली एखादी उघडते.

दुसरी, भागाकाराचा तास: "बाई, उरलेला एक लाडू बाकी कशाला ठेवायचा? तुम्ही खावा."

पहिली, जूनचा दुसरा आठवडा, रडत आलेला मुलगा: "मला घरी जायचंय, पण गोष्ट झाल्यावर."

सातवी, तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, तुमच्या बाई ओरडतात का? मागच्या बेंचवरून: "नाही सर, नुसत्या बघतात. ते जास्त वाईट आहे."